जपानचे डोंगर, अण्णांचं खाचर आणि तो मेसेज

मागच्या रविवारी सकाळी गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. नेहमी पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे आणि कुणाचं लग्न ठरलं इतकंच बोलणं होतं, त्या दिवशी मात्र एकदम विचारलं, "अगं, तू भूगोल शिकवतेस ना, जपानात सगळे डोंगरच आहेत म्हणतात, खरं का?" मी म्हटलं बरेचसे आहेत, का हो? तर म्हणाले, "मग त्यांनी एवढं केलं ना तशा जमिनीत. आपणच कमी पडलो म्हणायचं."

७६ वर्षांचा माणूस. सगळा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात उतारावर भात लावण्यात गेला, आणि दोन वर्षांपूर्वी वरचं खाचर पड ठेवावं लागलं ते अजून मनाला लागून आहे. पड का ठेवलं, तर लावणीला माणसं मिळत नाहीत आणि जे पिकतं ते माकडं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. अशा माणसाला भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी जपानचा मेसेज पाठवला, वर "कोकणी माणसाने जरूर वाचावे" असं लिहून. म्हणून हे लिहितेय, आणि रागात लिहितेय.

मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल. थोडक्यात असा: जपानचा ८० टक्के भाग डोंगर आहे, तिथे शेती होत नाही, गुरं पाळता येत नाहीत. जमिनीखाली काही सापडत नाही. चार बेटांचा देश, तरी बाहेरून कच्चा माल आणून जगातली दुसऱ्या नंबरची अर्थव्यवस्था झाला. सगळे एका वंशाचे, एका भाषेचे, म्हणून भांडणं नाहीत. रोज भूकंप होतात पण शिस्तीमुळे माणसं मरत नाहीत. आणि शेवटी मोठ्या अक्षरात, गरिबी जमिनीत नसते, मनोवृत्तीत असते.

आधी ८० टक्क्यांचं बघू. जपानचा साधारण तीन चतुर्थांश भाग डोंगर-टेकड्यांचा आहे, म्हणजे आकडा थोडा फुगवलाय पण अगदी खोटा नाही, मान्य. लागवडीखालची जमीन जेमतेम ११-१२ टक्के, तेही मान्य. देश महाराष्ट्राच्या सव्वापट आणि लोकसंख्या १२ कोटींच्या वर, ती बरीचशी किनाऱ्यालगतच्या सपाट पट्ट्यांत दाटलेली, एकट्या टोकियोच्या परिसरात साडेतीन कोटींहून जास्त माणसं. इथपर्यंत ठीक. पण तिथून मेसेज उडी मारतो ती थेट "म्हणून शेती होत नाही" यावर, आणि हे वाक्य इतकं चुकीचं आहे की ते लिहिणाऱ्याने जपानचा नकाशा तरी उघडला होता का असा प्रश्न पडतो.

जपानचं कृषी मंत्रालय डोंगरातल्या आणि डोंगरपायथ्याच्या गावांचा वेगळा हिशोब ठेवतं. देशाच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के जमीन या भागात आहे, आणि देशाच्या एकूण शेती उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के उत्पन्नही इथूनच येतं. सरकारी आकडा आहे, कुणाच्या ब्लॉगवरचा नाही. जिथे शेती होतच नाही म्हणताय तिथून १०० रुपयांतले ४० रुपये येतायत. बाकी काही वाचलं नाहीत तरी हा एक आकडा लक्षात ठेवा.

आणि तांदूळ. खाण्याच्या उष्मांकाच्या हिशोबाने जपान स्वतःचं फक्त ३८ टक्केच पिकवतो हे खरं आहे, गहू, सोयाबीन, जनावरांचं खाद्य बाहेरून येतं. पण रोजच्या जेवणातला तांदूळ जवळजवळ सगळा घरचा. तो पिकतो डोंगरांमुळे, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडं गार वारं येतं, जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतं आणि होन्शू बेटाच्या मधल्या डोंगररांगांना धडकून पश्चिमेच्या बाजूला मीटर-मीटर बर्फ टाकतं. पलीकडे टोकियोच्या बाजूला तेव्हा निळं आकाश आणि कोरडी हवा. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे माण-खटाव, तसंच, फक्त पावसाच्या जागी बर्फ. हा बर्फ वसंतात हळूहळू वितळतो आणि नेमकं लावणीच्या वेळी खाली नीगाताच्या मैदानात पाणी येतं, कोशिहिकारी नावाचा त्यांचा नावाजलेला तांदूळ तिथला. डोंगर म्हणजे त्यांची पाण्याची टाकी आहे, तीही फुकटची. गुरं पाळता येत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, देशातल्या दुधापैकी निम्म्याहून जास्त दूध एकट्या होक्काइदो बेटावरून येतं.

शेती तिथे नसतीच तर २०२५ मध्ये तांदळावरून मंत्र्याला घरी जावं लागलं नसतं. तांदळाचा भाव वर्षभरात दुप्पट झाला होता, ५ किलोची पिशवी ४००० येनच्या वर, लोक हैराण, आणि कृषिमंत्री भाषणात म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक आणून देतात. गेलं पद.

आता एक जागा जवळून दाखवते, कारण "डोंगर" म्हटलं की मेसेजवाल्यांच्या डोळ्यांसमोर नुसता फुजीचा फोटो येतो. होन्शूच्या पश्चिम किनाऱ्यावर नोतो नावाचं द्वीपकल्प समुद्रात घुसलंय. तिथे वाजिमा शहराजवळ शिरोयोने सेनमाइदा म्हणून उतार आहे, रस्त्यापासून पार समुद्राच्या लाटांपर्यंत उतरत गेलेली १००४ खाचरं. आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या खाचरांपेक्षाही लहान, काही तर अंथरुणाएवढी, मशीन आत जाऊच शकत नाही, लावणी हाताने, कापणी हाताने. अण्णांना हा फोटो पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, बांध दगडाचा आहे की मातीचा.

ही खाचरं आजपर्यंत टिकली ती नुसत्या चांगल्या मनोवृत्तीवर टिकली असं समजू नका. शहरातले लोक वर्गणी भरून एकेका खाचराचे पालक होतात, स्वयंसेवक येतात, आणि मुख्य म्हणजे देशभरच्या अशा उतारांसाठी २००० सालापासून सरकारची थेट पैसे देण्याची योजना आहे. भातजमिनीचा उतार २० मीटरला १ मीटर किंवा त्याहून तीव्र असेल तर दर १० आरला २१,००० येन. १० आर म्हणजे आपले जवळजवळ १० गुंठे, आणि २१,००० येन म्हणजे आजच्या भावाने अकरा-बारा हजार रुपये, दर वर्षी. अट अशी की गावाने एकत्र बसून करार करायचा आणि ५ वर्षं ती जमीन पड पडू द्यायची नाही. यामागचा विचार सरळ आहे. उतारावर कष्ट जास्त, उत्पन्न कमी, पण खाचर पड पडलं की बांध फुटतात, पाणी मोकाट होतं आणि खालच्या गावाला त्रास होतो, म्हणून खालच्यांनी वरच्यांना पैसे द्यायचे. ज्याने अण्णांना मनोवृत्तीचा धडा पाठवला त्याला माझं सांगणं आहे, धडा पाठवायचाच होता तर हा पाठवायचास. अण्णांच्या वरच्या खाचराला वर्षाला १० गुंठ्यांमागे अकरा हजार रुपये मिळाले असते तर ते पड पडलं असतं का, हा खरा प्रश्न आहे.

पुढचा मुद्दा, "जमिनीखाली काही नाही". आज तेल जवळजवळ सगळं बाहेरून येतं, लोखंड बाहेरून येतं, हे अर्धसत्य मी नाइलाजाने मान्य करते. पण मेसेज म्हणतो ते सुरुवातीपासून काहीच नव्हतं असं, आणि ते साफ खोटं. १६ व्या-१७ व्या शतकात इवामीच्या डोंगरातली चांदी जगभर जात होती, साडो बेटावर सोनं होतं, शिकोकू बेटावर बेश्शीची तांब्याची खाण १६९१ पासून १९७३ पर्यंत चालली. आणि कोळसा तर एवढा की कारखानदारीचा पाया त्यावरच घातला गेला. क्यूशू बेटावरच्या चिकुहोचा कोळसा, शेजारी यावाताचा पोलादाचा कारखाना, १९०१ साली सुरू झालेला, आणि त्याला पैसा आला तो १८९५ मध्ये चीनला हरवून घेतलेल्या खंडणीतून. क्यूशूतल्याच मिइके खाणीत १९६३ साली स्फोट झाला त्यात ४५८ माणसं गेली, ती खाण १९९७ पर्यंत चालू होती. होक्काइदोतलं युबारी हे कोळशावर उभं राहिलेलं गाव, १९६० च्या सुमाराला लाखाच्या वर वस्ती, खाणी बंद पडल्या, २००७ मध्ये नगरपालिकेचं दिवाळं निघालं आणि आज तिथे १० हजार माणसंसुद्धा नाहीत. "काही सापडत नाही" असं लिहिणाऱ्याने या लोकांचं सगळं आयुष्यच खोडून टाकलंय.

यातलं मला सगळ्यात जास्त खुपतं ते रेशीम. मेसेजमध्ये असा भास होतो की जपानने शून्यातून नुसत्या जिद्दीवर यंत्रं उभारली. यंत्रं विकत घ्यायला परदेशी पैसा लागतो, तो पैसा कित्येक दशकं मुख्यतः रेशमाने आणला, निर्यातीत रेशमाचा नंबर पहिला. आणि रेशीम येतं कुठून, तर डोंगरातून. रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला लागतो आणि तुतीला सपाट भातजमीन लागत नाही, नागानो आणि गुन्मा जिल्ह्यांच्या उतारावर, जिथे भात होत नाही तिथे तुती. तोमिओकाची सरकारी रेशीम गिरणी १८७२ ची. पुढे नागानोतल्या सुवा तलावाकाठी ओकाया गावात गिरण्यांची रांग लागली आणि तिथे काम करायला पलीकडच्या हिदा भागातल्या गरीब डोंगरी गावांतून पोरी यायच्या, १२-१३ वर्षांच्यासुद्धा. आईबापांनी गिरणीवाल्याकडून आगाऊ उचल घेतलेली असायची. नवीन वर्षाला घरी जाऊन यायचं आणि फेब्रुवारीत परत निघायचं, वाटेत नोमुगी खिंड, उंची १६७२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त, आणि गळ्याएवढा बर्फ. एकमेकींच्या कमरेला फडकी बांधून चालायच्या म्हणतात, कुणी घसरून दरीत जाऊ नये म्हणून. खाली गिरणीत उकळत्या पाण्यात कोश टाकून दिवसाला बारा-तेरा तास धागा काढायचा. क्षय झाला की पाठवली घरी.

उचल हा शब्द आपल्याला नवीन नाही. ऊसतोड कामगारांना विचारा. तर जपानची प्रगती ज्या पैशावर झाली तो या पोरींच्या हातातून आला, आणि मेसेजमध्ये त्यांचं नाव "मनोवृत्ती".

कच्च्या मालाचं म्हणाल तर त्यात आपणही आहोत. जपानच्या सूतगिरण्यांना लागणारा कापूस मुंबई बंदरातून जायचा, आणि १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानच्या निप्पोन युसेन काइशा या जहाज कंपनीने मिळून मुंबई ते कोबे बोट सुरू केली ती इंग्रज बोटवाल्यांची भाड्यातली मक्तेदारी मोडायला. इकडचा शेतकरी कापूस पिकवणार, तिकडची पोरगी सूत काढणार, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच शेतकऱ्याच्या नातवाला सांगायचं की तुझ्या आजाची वृत्ती कमी पडली. संताप येतो तो याचा.

आणखी एक गोष्ट मेसेजवाले कधीच सांगत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानची ४५ टक्क्यांहून जास्त शेतजमीन कुळं कसत होती, अर्धं पीक खंडात जायचं. युद्धानंतर जमीन सुधारणा झाली आणि हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं, कसणारा मालक झाला. तिथून पुढे खेड्यात पैसा खेळायला लागला. अण्णांना मी हे सांगितलं तर लगेच म्हणाले, म्हणजे कूळकायदा. हो, कूळकायदा.

दुसऱ्या नंबरच्या अर्थव्यवस्थेवर वेळ घालवत नाही. २०१० मध्ये चीन पुढे गेला, २०२३ मध्ये जर्मनी. मेसेज किती शिळा आहे ते यावरून कळतं. चार बेटांचंही तसंच, चार मोठी आहेत एवढंच, २०२३ मध्ये त्यांच्या सरकारी नकाशा खात्याने नव्याने मोजली तर १४,१२५ भरली.

आता भूकंपाचं, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण हा मुद्दा धोकादायक आहे. "शिस्तीमुळे माणसं मरत नाहीत." १९२३ चा कांतो भूकंप, एक लाखाच्या वर मृत्यू. १९९५ चा कोबे, ६४३४. २०११ चा तोहोकू भूकंप आणि त्सुनामी, सुमारे १५,९०० मृत्यू आणि अडीच हजारांच्या आसपास बेपत्ता. हे सगळे काय बेशिस्त होते? ज्यांची मुलं, म्हातारी माणसं त्या लाटेत गेली त्यांच्या तोंडावर हे वाक्य कुणी बोलू शकेल का? जी माणसं वाचतात ती का वाचतात याचं उत्तर आहे की १९८१ मध्ये इमारतींचे नियम कडक केले आणि ते पाळले जातात की नाही हे बघणारी माणसं नेमली. जिथे जुनी लाकडी घरं राहिली तिथे माणसं आजही मरतात.

२०२४ चा १ जानेवारी घ्या, तेच नोतो, ज्याची खाचरं वर सांगितली. नववर्षाचा दिवस, शहरातली मुलं-नातवंडं घरी आलेली, दुपारी चार वाजून गेल्यावर ७.६ तीव्रतेचा धक्का. जड कौलांची जुनी घरं बसली. वाजिमाचा रोजचा सकाळचा बाजार भरायचा तो सगळा भाग आगीत गेला. द्वीपकल्प डोंगराळ, रस्ते मोजके, ते दरडींनी बंद, कित्येक वाड्यांचा दिवसेंदिवस संपर्क नाही, आणि राहणाऱ्यांतले निम्म्याच्या आसपास ६५ च्या पुढचे. दोनशेच्या वर माणसं तेव्हाच गेली, आणि नंतर निवारा केंद्रांतल्या थंडीत, आजारपणात त्याहूनही जास्त. किनारा काही ठिकाणी ४ मीटर वर उचलला गेला, बंदरातलं पाणी ओसरून होड्या कोरड्या जमिनीवर, मासेमारी ठप्प. त्या १००४ खाचरांना भेगा गेल्या, त्या वर्षी जेमतेम शंभर-सव्वाशे लावता आली. आणि सप्टेंबरमध्ये तिथेच अतिवृष्टी होऊन परत दरडी. शिस्त कमी पडली नव्हती हो. डोंगर, म्हातारपण आणि जुनी घरं, या तीन गोष्टी एकत्र आल्या.

१९२३ बद्दल अजून एक सांगायलाच हवं. त्या भूकंपानंतर टोकियो-योकोहामात अफवा पसरली की कोरियन लोक विहिरीत विष घालतायत. काहीही पुरावा नव्हता. गावोगाव टोळ्या निघाल्या, कोरियन कोण ते ओळखायला रस्त्यात माणसं अडवून उच्चार तपासले आणि हजारो कोरियन लोकांना मारलं, काही चिनीही त्यात गेले. सैनिक आणि पोलिसही सामील होते. ज्या देशाला तुम्ही शिस्तीचा पुतळा करून ठेवलाय त्या देशात हे एका अफवेने झालं. न तपासता पुढे ढकललेल्या मजकुराने काय होतं याचं उदाहरण मला दुसरीकडे शोधायला जावं लागत नाही.

दरडींचाही विषय निघाला म्हणून, कारण तळीये आणि इर्शाळवाडीनंतर आपल्याकडे दर पावसाळ्यात काळजात धस्स होतं. जपानच्या नद्या आपल्या सावित्री-वाशिष्ठीसारख्याच, आखूड आणि अंगावर येणाऱ्या. तोयामातली जोगांजी नदी उगमापासून समुद्रापर्यंत ५६ किलोमीटर, आणि उतरते ती तातेयामाच्या उंच रांगेतून. १८५८ मध्ये भूकंपाने तिथला एक डोंगर कोसळला, राडारोडा नदीत साचला, आणि पुढे तो फुटून खालची गावं वाहून गेली. तेव्हापासून तो ढिगारा डोक्यावर आहे, अजूनही पूर्ण खाली आलेला नाही. १८९७ मध्ये त्यांनी माती-दगड अडवण्यासाठी स्वतंत्र कायदाच केला, त्याला साबो म्हणतात, १९०६ पासून तिथे बंधारे बांधायला लागले, १९२६ पासून केंद्र सरकारने ते काम अंगावर घेतलं, आणि आजही चालू आहे. कामगार आणि सिमेंट वर न्यायला १८ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, एका कड्यावर ती चढताना गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत सलग १८ वेळा दिशा बदलते. खाली शहरात राहणाऱ्याला हे दिसतही नाही. शंभर वर्षं एका नदीच्या डोक्याशी माणसं बसलीत आणि दरवर्षी बजेटमधून पैसे येतात. आणि एवढं करूनही २०१४ मध्ये हिरोशिमात दरडींनी सत्तरच्या वर माणसं गेलीच, २०१८ च्या पावसात पश्चिम जपानमध्ये दोनशेच्या वर. डोंगरात राहणं हे असं आहे.

"एक वंश, एक भाषा" हा मुद्दा मी चार ओळींत उरकणार होते पण जमत नाही. होक्काइदो बेट १८६९ पर्यंत आजच्या अर्थाने जपानमध्ये नव्हतंच, तिथे आयनू लोक राहायचे, त्यांची भाषा जपानीशी नातं नसलेली. साप्पोरो हे नावसुद्धा आयनू भाषेतलं. त्यांच्या नद्यांतले सामन मासे धरायला बंदी केली, जमिनी गेल्या, मुलांना जपानीच बोलायला लावलं. दक्षिणेला रिउक्यू हे वेगळं राज्य होतं, १८७९ मध्ये खालसा केलं, तेच आजचं ओकिनावा, तिथल्या भाषा टोकियोच्या माणसाला कळत नाहीत. युनेस्कोने २००९ मध्ये जपानमधल्या ८ भाषा धोक्यात असल्याचं नोंदवलं, त्यात आयनू मरणाच्या दारात.

निबुतानी म्हणून होक्काइदोत सारू नदीच्या खोऱ्यात आयनूंचं गाव आहे. तिथे धरण बांधायचं ठरलं, त्यांच्या पवित्र जागा पाण्याखाली जाणार होत्या. दोघांनी जमीन द्यायला नकार दिला आणि कोर्टात गेले, त्यातले एक कायानो शिगेरू, जे १९९४ मध्ये जपानच्या संसदेत गेलेले पहिले आयनू. १९९७ मध्ये साप्पोरोच्या कोर्टाने निकाल दिला की आयनू हे इथले मूळ रहिवासी आहेत आणि जमीन घेणं बेकायदा होतं. पण तोपर्यंत धरण बांधून झालेलं, पाणी भरलेलं, म्हणून धरण तसंच राहिलं. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही. सरकारने कायद्यात "मूळ रहिवासी" हा शब्द लिहायला २०१९ उजाडलं. हे सगळं "भांडणं नाहीत" या दोन शब्दांत बसवलंय.

आणि राहिली ती मोठ्या अक्षरातली ओळ, गरिबी जमिनीत नसते मनोवृत्तीत असते. ही खरी असती तर जपानच्या डोंगरातली गावं आज भरलेली असायला हवी होती ना? माणसं तीच, शाळा त्याच, शिस्त तीच. पण ती गावं ओस पडतायत. निम्म्याहून जास्त लोक ६५ च्या पुढचे असलेल्या गावांसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्दच आहे, गेनकाई शुराकु, म्हणजे तग धरण्याच्या शेवटाला आलेली वस्ती. २०२३ च्या पाहणीत देशात ९० लाख रिकामी घरं मोजली गेली. शिकोकूत इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे, तिथे माणसं कमी होत गेली तशी एका बाईने गेलेल्या आणि सोडून गेलेल्या माणसांच्या कापडी बाहुल्या करून ठेवल्या, शेताच्या बांधावर, बस थांब्यावर. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, तिथल्या वर्गात बाकांवर बाहुल्या बसवल्यात. आपल्या गावातली बंद घरं, गणपतीला आठ दिवस उघडणारी, मला त्या फोटोंत दिसतात. मनोवृत्ती बदलून जर डोंगरावर माणसं राहणार असती तर जपानी माणूस पहिला राहिला असता.

हे सगळं मी अण्णांना दोन-तीन फोन करून सांगितलं. त्यांनी बाकी ऐकून घेतलं, पैसे किती मिळतात ते मात्र परत विचारलं, १० गुंठ्यांना का एकराला, आणि मग म्हणाले, "तिथे माकडं आहेत का?" आहेत, लाल तोंडाची, आणि डुकरं आणि हरणंही, वर्षाला दीड हजार कोटी येनच्या वर पिकाचं नुकसान करतात. २००७ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला, विजेच्या कुंपणाला, पिंजऱ्यांना सरकार पैसे देतं, आणि नागानोत ओमाची म्हणून गाव आहे तिथे गावकऱ्यांची पाळलेली कुत्री माकडं हुसकायला शिकवून तयार केलीत.

"कुत्री कोण शिकवतं, सरकार?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं खर्च पालिका करते. जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ग्रामपंचायतीच्या सभेत विचारतो, तू ते सगळं मराठीत लिहून पाठव. म्हणून आधी त्यांना पाठवलं, आता इथे टाकतेय.